फॉर्म्युला पाठ, अट विसरली: एफईच्या फिजिक्समध्ये या चुका टाळा

बारावी-सीईटी करून आलेल्या मुलांना एफईचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं, फिजिक्स अचानक जड वाटू लागतं आणि दोष जातो गणिताला. गणित तितकं अवघड नसतं. सीईटीत चार पर्याय समोर असतात, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे उत्तर एखाद्या पर्यायाशी जुळलं की पुढे जायची सवय लागते. इथे पर्याय नाहीत. प्रत्येक सूत्राला एक अट असते, आणि ती न बघता सूत्र लावलं की उत्तर चुकतं, पण चुकल्यासारखं दिसत नाही. ठाणे-नवी मुंबईत काही कॉलेजं स्वायत्त आहेत, काही विद्यापीठाचाच पेपर देतात. क्रम वेगळा असला तरी खालचे विषय बहुतेक ठिकाणी आहेत.

फोटॉनचं सूत्र इलेक्ट्रॉनला लावणं

क्वांटममधली ही सर्रास होणारी चूक. 'लॅम्डा = एचसी ÷ ऊर्जा' (लॅम्डा तरंगलांबी, एच प्लँकचा स्थिरांक, सी प्रकाशाचा वेग) हे फक्त फोटॉनसाठी आहे. १०० व्होल्टने प्रवेगित केलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी त्यातून काढली तर १२४ अँगस्ट्रॉम येते. खरी किंमत १.२२७ अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे उत्तर शंभरपट चुकलं. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, त्यामुळे आधी संवेग काढायचा आणि मग एच भागिले संवेग. व्होल्टेज दिलेलं असेल तर १२.२७ भागिले व्होल्टेजचं वर्गमूळ हा सोपा मार्ग आहे, पण तोही फक्त इलेक्ट्रॉनसाठी. गणितात प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन आला की १२.२७ विसरा.

त्याच धड्यात युनिटचा घोळ होतो. प्लँकचा स्थिरांक ज्यूल-सेकंदात आणि ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, असं मिश्रण करू नका. सगळं एसआयमध्ये न्या आणि शेवटी एकदाच १.६ × १०^−१९ ने भागा. अंदाजासाठी एक आकडा लक्षात असू द्या: १ नॅनोमीटर लांबीच्या बॉक्समधल्या (म्हणजे तेवढ्याच जागेत अडकलेल्या) इलेक्ट्रॉनची सर्वात खालची ऊर्जा सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. तुमचं उत्तर याच्या अब्जपट लहान आलं तर लांबीचा वर्ग करायचा राहिला आहे का ते आधी बघा. आणि एनची, म्हणजे पातळीच्या क्रमांकाची, सुरुवात १ पासून, शून्यापासून नाही.

डिग्री मोडमधला कॅल्क्युलेटर

बॉक्सच्या पहिल्या पाव भागात इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता किती, हा नेहमीचा प्रश्न. तळाच्या पातळीसाठी ती ०.२५ − साइन(पाय ÷ २) ÷ (२ पाय), म्हणजे ०.०९१ येते. कॅल्क्युलेटर डिग्रीत असताना १.५७ चा साइन घेतला तर उत्तर येतं ०.२४६. पाव भाग, पाव शक्यता, म्हणून मुलांना ते पटतं आणि ती पुढे जातात. खरं तर तळाच्या पातळीत इलेक्ट्रॉन बॉक्सच्या मध्याशी जास्त सापडतो, कडेच्या पाव भागात शक्यता पावपेक्षा बरीच कमीच यायला हवी. ग्रेटिंगच्या (जवळजवळ समांतर रेषा आखलेल्या पट्टीच्या) गणितात मात्र डिग्रीच लागते. त्यामुळे दर प्रश्नाला मोड बघायची सवय लावा.

थिन फिल्म: काळं कधी, उजळ कधी

'२ म्यू टी कॉस आर = एन लॅम्डा' ही परावर्तित प्रकाशात काळ्या पट्ट्याची अट, हे सगळ्यांना पाठ असतं (म्यू फिल्मचा अपवर्तनांक, टी जाडी, आर फिल्मच्या आतला कोन, एन पूर्णांक). ती नेहमी खरी नसते. फिल्मच्या दोन्ही पृष्ठांवर एकच प्रश्न विचारा: प्रकाश कमी अपवर्तनांकाकडून जास्त अपवर्तनांकावर आदळतोय का? 'हो' हे उत्तर एकदाच आलं तर अर्ध्या लॅम्डाचा जादा फरक (फेज बदल) पडतो आणि पाठ केलेली अट चालते. दोनदा आलं किंवा एकदाही आलं नाही तर अट उलटते.

साबणाचा पडदा: एकदा हो. पावसात ठाणे-बेलापूर रोडवरच्या डबक्यात ऑइलचे रंग दिसतात, तिथेही एकदाच, कारण ऑइलचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त असतो. पण काचेवरच्या मॅग्नेशियम फ्लोराइडच्या कोटिंगला दोनदा हो येतं: हवा १, कोटिंग १.३८, काच १.५. म्हणून परावर्तन कमी करायला किमान जाडी लॅम्डा ÷ (४ म्यू) घ्यायची. ५५०० अँगस्ट्रॉमसाठी ती साधारण ९९६ अँगस्ट्रॉम येते. पाठ केलेली अट लावली तर जाडी दुप्पट येते, आणि त्या जाडीचं कोटिंग त्या तरंगलांबीला लावूनही न लावल्यासारखंच.

न्यूटन्स रिंग्ज: प्रॅक्टिकल कुठे बिघडतं

या प्रयोगात काचेवर ठेवलेल्या भिंगाखालच्या हवेच्या फटीमुळे काळ्या-उजळ गोल रिंग्ज दिसतात, त्यांचे व्यास मायक्रोस्कोपने मोजायचे. सोडियम दिवा लावल्यावर आधी लालसर दिसतो, कारण आधी त्यातला निऑन पेटतो. पूर्ण पिवळा व्हायला पाच-दहा मिनिटं द्या, मध्ये बंद-चालू करू नका. फील्ड अंधारं असेल तर ४५ अंशांवरची काच हळूहळू फिरवा. मायक्रोस्कोपची नळी बाहेरून बघत खाली आणा आणि मग डोळा लावून वर नेत फोकस करा. उलट केलं तर भिंगावर चरा पडतो.

रिंग्जचा मध्य काळा हवा. तो उजळ किंवा पुसट दिसला तर भिंग आणि काचेमध्ये धूळ किंवा ओलावा आहे. पहिलं सेमिस्टर नेमकं पावसाळ्यात येतं आणि खाडीकाठच्या दमट हवेत काचेवर पटकन वाफ धरते. स्पिरिट लावलेल्या मऊ कापडाने दोन्ही पृष्ठं पुसून परत बसवा. मध्य तरीही काळा झाला नाही तर घाबरू नका. आपण दोन व्यासांच्या वर्गांची वजाबाकी घेतो, आणि मधल्या फटीने पडणारा फरक त्यात कटतो.

मोठी चूक बॅकलॅशची. स्क्रूच्या आट्यांत थोडी ढिलाई असते, दिशा बदलली की स्क्रू फिरतो पण मायक्रोस्कोप हलत नाही. म्हणून डावीकडे बाविसाव्या रिंगपर्यंत जा, तिथून परत फिरा आणि २०, १८, १६ असं वाचत मध्य ओलांडून उजव्या विसापर्यंत एकाच दिशेने जा. रिंग चुकून पुढे गेली तर मागे आणून वाचू नका, ती बाजू पहिल्यापासून घ्या. शेवटी व्यासाच्या वर्गाचा आलेख रिंगच्या क्रमांकासमोर काढा. वक्रतात्रिज्या १०० सेंमी असेल तर चढ दर रिंगला सुमारे ०.०२३६ चौरस सेंमी येतो. एका जागी उडी दिसली तर तिथे मोजणी चुकली आहे. रेष सरळ पण उत्तर चूक, तर स्फेरोमीटरने काढलेली त्रिज्या तपासा.

ग्रेटिंग आणि बँड गॅप

ग्रेटिंगवर '१५००० रेषा प्रति इंच' लिहिलेलं असतं. २.५४ ने भागल्याशिवाय ते सेंटीमीटरच्या सूत्रात घालू नका. लेसरच्या प्रयोगात पडद्यावरचं अंतर भागिले पडद्यापर्यंतचं अंतर म्हणजे टॅन, साइन नाही. ६५०० अँगस्ट्रॉमच्या लाल लेसरला या ग्रेटिंगवर पहिल्या ऑर्डरचा कोन २२.६ अंश येतो. तिथे टॅनलाच साइन धरलं तर तरंगलांबी ७०४० च्या आसपास निघते. कमाल ऑर्डर काढताना सोडियमसाठी २.८७ आलं तर उत्तर २, तीन नव्हे.

फोर प्रोब पद्धतीत (चार टोकं टेकवून तापमानानुसार रोधकता मोजायची) जर्मेनियमचा बँड गॅप ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ यायला हवा. चुकलेला आकडाच चूक सांगतो. ०.३३ आला तर सूत्रातला (२ × बोल्ट्झमन स्थिरांक × आलेखाचा चढ) २ राहिला. ०.२९ आला तर आलेख १० च्या पायाच्या लॉगचा आहे आणि २.३०३ ने गुणलेलं नाही. आलेख सरळच येत नसेल तर तापमान केल्विनमध्ये आहे का ते बघा. रीडिंग ओव्हन तापताना घेऊ नका. थर्मामीटर आणि नमुना यांचं तापमान तेव्हा जुळत नाही. बंद करून हळूहळू थंड होताना घ्या, आणि करंट शेवटपर्यंत तोच ठेवा.

वहीत प्रत्येक सूत्रासमोर त्याची अट एका ओळीत लिहा: 'फक्त फोटॉन', 'फक्त केल्विन', 'एकच फेज बदल'. ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीत गणित सुटत नाही, पण या ओळी मोबाइलवर वाचून होतात. झेरॉक्सच्या दुकानातली सोल्युशन्स घेत असाल तर स्वतःच्या कॉलेजच्या पेपरशी आधी पडताळा, आणि सोडवलेलं गणित झाकून पहिल्यापासून सोडवा. पेपरच्या शेवटच्या पाच मिनिटांत एवढं तरी तपासा: साइन १ च्या वर गेला नाही ना, दृश्य प्रकाश ४००० ते ७००० अँगस्ट्रॉममध्येच आहे ना, ऑर्डर पूर्णांक आहे ना, आणि प्रत्येक उत्तरापुढे युनिट आहे ना.