कळसूबाई नाईट ट्रेक : सूर्योदय गाठायचा तर निघायचं कधी आणि चढायचं कसं

कळसूबाईला रात्री चढून वरून सूर्योदय बघायचा असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, रात्री पायथ्याच्या बारी गावात पोचलो की लगेच चढायला सुटायचं नाही. खूप ग्रुप बाराला निघतात, साडेतीनपर्यंत वर टेकतात आणि मग घामाने ओल्या झालेल्या टीशर्टवर तीन-तीन तास वारा खात बसतात. वर आडोसा म्हणाल तर देवीचं एवढंसं देऊळ, बाकी सगळं उघडं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे, १६४६ मीटर, डिसेंबर-जानेवारीत तिथला वारा हाडात शिरतो आणि सूर्य उगवायच्या आधीच निम्मे लोक कधी खाली जातोय म्हणायला लागतात.

म्हणून हिशोब उलटा करा. थंडीत सूर्योदय सातच्या आसपास, मेमध्ये सहाच्या आसपास. खरे रंग त्याच्या आधीच्या पाऊण तासात असतात, तेवढंच आधी वर पोचायचं. नेहमी चालणाऱ्याला चढायला तीन-साडेतीन तास पुरतात, पहिल्यांदा येणारे सोबत असतील तर चार धरा. म्हणजे थंडीत दोन-अडीचला निघायचं, उन्हाळ्यात एकच्या सुमाराला, आणि शनिवारची रात्र असेल तर वाटेतल्या लोखंडी शिड्यांवरच्या गर्दीचा अर्धा-पाऊण तास वेगळा ठेवा.

पोचायचं कसं, तर मुंबईवाल्यांनी रात्रीची कसारा लोकल पकडायची आणि पुढे इगतपुरी-घोटीमार्गे बारीपर्यंत जीप, ती आधीच फोनवर ठरवून ठेवा, मध्यरात्री स्टेशनबाहेर घासाघीस करत बसू नका. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर, नाशिकवाल्यांना घोटीहून सगळ्यात जवळ. बारीत बऱ्याच घरांत जेवणाची आणि पाठ टेकायची सोय होते, आदल्या दिवशी सांगितलं की गरम पिठलं-भाकरी मिळते. खा आणि निघायच्या वेळेपर्यंत झोपाच, गप्पा उतरल्यावर मारा. रात्री चढू देतात का हेही त्याच फोनवर विचारून घ्या, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि वनखात्याचे नियम बदलत असतात.

वाट अवघड नाहीये पण सुरुवातीला गावाबाहेर शेतातून जाताना अंधारात फाटे फुटतात, तिथे गावातलाच कोणी वाटाड्या घेतलेला बरा. त्याला चार पैसे मिळतात आणि तुमची चुकामूक टळते. पुढे खालचं देऊळ लागतं, ज्यांना माथ्यापर्यंत जमत नाही ती माणसं इथूनच देवीला हात जोडतात. मग पायऱ्या, रेलिंग आणि लोखंडी शिड्या, वाट चुकायचा प्रश्न उरत नाही.

शिड्यांबद्दल मात्र नीट सांगते कारण रात्री खरी काळजी तिथेच घ्यायची असते. दोन्ही हात मोकळे पाहिजेत, त्यामुळे मोबाईलचा टॉर्च चालणार नाही, हेडटॉर्चच हवा आणि सोबत जास्तीचे सेल. थंडीत पहाटे लोखंडावर दव धरतं, कठडा इतका गार असतो की दोन मिनिटांत बोटं बधिर होतात आणि पकड सुटल्यासारखी वाटते, म्हणून साधे रबरी ग्रिपचे हातमोजे घ्या, लोकरीचे नकोत, ते सरकतात. पुढचा माणूस चार-पाच पायऱ्या वर गेला की मगच आपला पाय टाकायचा. कोणी मध्येच घाबरून थांबलं तर खालून चल चल करून ओरडू नका, त्याला तिथेच कठडा धरून श्वास घेऊ द्या, पाठीमागे अनुभवी माणूस ठेवा, दोन मिनिटांत तो आपणहून चालायला लागतो. आणि उतरताना तोंड शिडीकडेच!

शेवटच्या शिडीच्या आधी विहीर लागते. लवकर पोचला असाल तर इथेच थांबा, माथ्यापेक्षा वारा कमी लागतो. ओला टीशर्ट इथे बदलायचा, कोरडा घालून वर स्वेटर आणि विंडचीटर, कानटोपी, मग शेवटचा टप्पा. विहिरीच्या पाण्यावर अवलंबून राहू नका, माणशी तीन लिटर आपलं आपण न्या आणि त्यातलं एक लिटर उतरण्यासाठी राखून ठेवा.

वर गेल्यावर सगळे पूर्वेला, बितनगड आणि पट्टा या किल्ल्यांच्या बाजूला तोंड करून उभे असतात. बघाच, पण सूर्य वर आला की लगेच मागे वळा, कळसूबाईची लांबलचक तिकोनी सावली पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या दिशेने पडलेली असते आणि थोड्याच वेळात आखडत जाते. हवा स्वच्छ असेल तर भंडारदऱ्याचं पाणी आणि रतनगडही दिसतो. देवळापाशी चपला-बूट काढा, स्पीकर लावू नका, शेकोटी तर अजिबात नाही, सुकलेलं गवत पेटायला वेळ लागत नाही. नवरात्रात इथे देवीला येणाऱ्यांची प्रचंड गर्दी असते, तेव्हा सूर्योदयासाठी येऊन वाट अडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात रात्री नकोच, शिड्या निसरड्या आणि ढगात सूर्यही दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.

उतरायला आठपर्यंत लागा, नंतर ऊन चढतं आणि सावली फारशी नाही. वाटेत सुटी खडी आहे, गुडघ्यांवर जोर येतो, काठी असेल तर ती चढताना नाही तर आत्ता कामी येते. खाली बारीत पोहे-चहा झाला की गाडी चालवणाऱ्याने दोन तास आडवं व्हायचंच, रात्रभर जागून थेट घाटात गाडी घालायची नाही, बाकीच्यांना कितीही घाई असली तरी.