दोन प्रोजेक्टरवर थ्रीडी गेम? आधी भिंत पहा
पीसीवर दोन प्रोजेक्टर लावून थ्रीडी गेम खेळाचा असंन तर राजेहो, पह्यले पडद्याचं पहा. यात एक प्रोजेक्टर डाव्या डोळ्याचं चित्र टाकते, दुसरा उजव्याचं; दोघांसमोरचे फिल्टर उजेडाच्या लहरींले वेगवेगळं वळण लावतात (हेच पोलरायझेशन), अन् तसल्याच काचेचा चष्मा ज्या त्या डोळ्याले त्याचंच चित्र दाखवते. चुन्याच्या भिंतीवर उजेड विखुरला का त्याचं पोलरायझेशनच जाते, मंग चष्मा घालूनबी दोन्ही डोळ्याले दोन्ही चित्रं दिसतात अन् डोकं दुखते ते वेगळंच. सिल्व्हर स्क्रीन (पोलरायझेशन टिकवणारा चंदेरी पडदा) महाग वाटला तर प्लायवर ॲल्युमिनियमचा चंदेरी पेंट मारा, पण हात एकसारखा फिरवजा, पट्टे दिसतात. प्रोजेक्टर सारखेच दोन, अन् डीएलपीच (बारक्या आरशांनी चित्र पाडणारे) बरे, बऱ्याच एलसीडी (लिक्विड क्रिस्टलवाल्या) प्रोजेक्टरात हिरवा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिशेनं पोलराइज असते, रंग बिघडतात. फिल्टर सर्क्युलर पोलरायझेशनवाले घ्या (आकारानं गोल नाही, उजेडाच्या लहरी गोल फिरवणारे), मान वाकडी झाली तरी चालते. फक्त लेन्सले चिकटवू नका, आपल्या इकडच्या मे महिन्यात तसाबी प्रोजेक्टर तापते, फिल्टर वाकून जाईन.