शॉकच्या आधीच तापलेला प्लाझ्मा

प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, आणि शॉक म्हणजे ध्वनीहून वेगवान प्रवाहात घनता, दाब, तापमान जिथे एकदम उडी मारतात तो पातळ थर. प्लाझ्मातल्या शॉकवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांना मी आधी कागद-पेन घ्यायला लावते. मॅक 3 चा शॉक (येणारा प्रवाह ध्वनीच्या 3 पट वेगाचा), गॅमा (दाबल्यावर वायू किती तापतो ते ठरवणारा आकडा) 5/3, चुंबकक्षेत्र क्षीण आणि प्रवाहाच्याच दिशेत, म्हणजे उडीच्या हिशेबात ते येत नाही. घनता 3 पट, दाब 11 पट, तापमान 3.67 पट. हे आकडे हाताने काढा, मग सिम्युलेशनचा कोड उघडा. मी उलट क्रमाने गेले आणि जवळपास महिना घालवला.

उष्णतावहन बंद असताना माझा शॉक सुरीने कापल्यासारखा यायचा. वहन चालू केलं आणि शॉकच्या पुढे, जिथे अजून काही पोचायलाच नको, तिथे तापमान चढलेलं. मला वाटलं, कोड चुकला. ग्रिड, म्हणजे कोड जागेचे तुकडे पाडतो ती जाळी, बारीक करत बसले. ग्रिडची घरं निम्म्या आकाराची केली की साध्या पद्धतीत वहनाचा टाइमस्टेप (कोड एका वेळी पुढे टाकतो ते वेळेचं पाऊल) पावपट होतो, घरं दुप्पट, म्हणजे एका मितीतही खर्च आठपट. चहा पिऊन यावं तर रन अजून अर्ध्यातच. आणि ती चढण जागची हलेना.

"ग्रिड बदलूनही जी हलत नाही, ती कोडची चूक कशी गं?" सर एवढंच म्हणाले.

ती चूक नव्हतीच. इलेक्ट्रॉन हलके आणि वेगवान असतात, मागच्या तापलेल्या भागातली उष्णता ते शॉक ओलांडून पुढे नेतात. त्यातून शॉकपुढे गरम पायथा तयार होतो. वाहकता तापमानाच्या 5/2 घाताने वाढते, म्हणजे 3.67 पट तापमानाला सुमारे 26 पट; पुढच्या गार भागात ती तितकीच कमी. म्हणून पायथ्याचं टोक हळूहळू विरत नाही, उभ्या कड्यासारखं संपतं. लॉर्ड रॅले यांनी 1910 मध्येच दाखवलं होतं की एकटं उष्णतावहन जोरकस शॉक पूर्ण गुळगुळीत करू शकत नाही. तापमान सलग चढतं, घनता मात्र शेवटी उडी मारतेच. आमच्या उदाहरणात संवेगाचा हिशेब केला तर पायथ्यात घनता मूळच्या 1.36 पटीपर्यंतच सरकते आणि तिथून एकदम 3 पटीवर जाते. हा 1.36 माझ्या आलेखात दिसला तेव्हा कुठे माझा कोडवर विश्वास बसला.

पण थोड्याच दिवसांत दुसरा घोळ. शॉकमागची घनता 3.6 पट! शॉक स्थिरावला असेल तर वहनाने दोन्ही टोकांची अवस्था बदलत नाही, उष्णता फक्त आतल्या आत फिरते. मग ही जास्तीची घनता आली कुठून? बॉक्स, म्हणजे सिम्युलेशनमधली जागा, आखूड होता. पायथा डाव्या कडेला, जिथून प्रवाह आत येतो तिथे, जाऊन भिडला होता, तिथे मी तापमान पक्कं बांधलेलं, आणि उष्णता त्या कडेतून गळत होती. गार पडलेला प्लाझ्मा जास्त दाबला जातो. बॉक्स लांब केला, 3 परत आले.

हा सगळा हिशेब कणांच्या पुरेशा टकरी होतात तिथला. सौरवाऱ्यात पृथ्वीसमोर उभ्या राहणाऱ्या धनुष्याकृती शॉकमध्ये टकरी जवळजवळ नसतातच, तिथे वहनाचं हे सूत्र लावू नका. सौरज्वालांमध्ये मात्र उष्णता क्षेत्ररेषांवरून झपाट्याने खाली धावते. योकोयामा आणि शिबाता यांनी 1997 मध्ये सिम्युलेशनमध्ये दाखवलं की त्यामुळे तिथला मंद शॉक (चुंबकीय प्लाझ्मातला शॉकचा एक प्रकार) फुटून वहनाची आघाडी आणि समतापी शॉक (ज्याच्या दोन्ही बाजूंना तापमान सारखंच) असे दोन वेगळे होतात.

क्षेत्राची दिशा फिरवून बघा, यातली खरी गंमत तिथेच आहे. उष्णता रेषेला धरून चालते, आडवी जवळजवळ नाहीच. क्षेत्र शॉकच्या पृष्ठाला समांतर केलं तर पायथा गायब. 45 अंशांवर शॉकपुढे वहन निम्मं उरेल, असं वाटतं, आणि ते बरोबरही आहे. पण शॉकमागे क्षेत्राचा पृष्ठाला समांतर घटकही दाबला जाऊन तिप्पट होतो, रेषा पृष्ठाकडे वाकते, आणि वहन निम्म्यावरून दहाव्या हिश्शावर येतं. मी मागे-पुढे दोन्हीकडे तोच कोन धरला होता. त्या रनचा पायथा आजही जुन्या फोल्डरमध्ये आहे, हवा तेवढ्याहून चांगलाच लांब.