हिरवा पट्टा आखायचाय? आधी सातबारा उघडा

हर्सूल तलाव, हिमायतबाग, सलीम अली सरोवर, खाम नदी आणि खाली पैठणचा नाथसागर. छत्रपती संभाजीनगरचा नकाशा समोर आला की ही ठिकाणं जोडावीशी वाटतात, आणि वाटायलाच हवीत. पाखरांना, मुंगसांना सुटे तुकडे पुरत नाहीत. एकातून दुसऱ्यात जायला वाट लागते. आपल्याकडं ती वाट ओढ्या-नाल्यांच्या काठानंच उरली आहे.

आता मी जिथं अडकलो, ते नीट वाचा. उपग्रह चित्रात नाला दिसला म्हणून तो सरकारी, असं कधीही धरू नका. नदी, मोठा ओढा गावनकाशावर वेगळा असतो. छोटा नाला मात्र पुष्कळदा कुणाच्या तरी गटातून जातो आणि सातबाऱ्यावर नुसता ‘पोटखराबा’ म्हणून येतो. पोटखराबा म्हणजे आकारणीतून वगळलेली जमीन, मालकीतून वगळलेली नव्हे. त्यातही ‘अ’ की ‘ब’ ते बघा. लागवडीला नालायक जमीन ‘अ’ मध्ये. रस्ता, स्मशान, इतर लोक ज्याचं पाणी वापरतात तो ओढा हे ‘ब’ मध्ये. ‘अ’ वर सरळ आरक्षण टाकलंत, म्हणजे विकास आराखड्यात ती जमीन हिरव्या पट्ट्यासाठी राखून ठेवलीत, तर हरकतींच्या सुनावणीत उत्तर देता येत नाही.

आरक्षण मंजूर झालं तरी निवांत होऊ नका. नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 127 पाठ करा. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. पुढच्या 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. मधला एक गट असा सुटला की पुढची-मागची सगळी जोडणी तुटते. म्हणून प्रत्येक गटासमोर आधीच लिहा: टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क), वाढीव एफएसआय (उरलेल्या जागेवर जास्त बांधकामाची मुभा) की रोख मोबदला. मालकाशी बोलणं आराखड्याआधी, नंतर नाही.

निळ्या पूररेषेचा आधार मिळतो, ती 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण छोट्या नाल्यांवर ती बहुधा आखलेलीच नसते. तिथं माणसं विचारावी लागतात. बांधावरचे काका हिवराच्या बुंध्याकडं हात करून सांगतात, “पाणी इथवर येतंय, ह्याच्या खाली आम्ही कधी पेरलं नाही.” हे वाक्य गट नंबरासकट वहीत उतरवा. माझ्या मते गुरू करायचा तर निवृत्त भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी, करा. 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे मराठवाड्यातली जमिनीची जुनी नोंद, कसं वाचायचं, हे कुठल्याही सल्लागार कंपनीच्या सादरीकरणात मिळणार नाही.

मियावाकीचा, म्हणजे थोड्या जागेत झाडं दाटीनं लावून झटपट जंगल उभारायचा, शॉर्टकट मला पटत नाही. मराठवाड्याचं रान मुळात उघडं, गवताचं, बोरी-बाभळींचं. तिथं दाट झाडी ठासली की गवतावर जगणारं सगळं हुसकलं जातं. काठाला करंज, उंबर लावा. माळ माळच राहू द्या.

एवढं वाचून घाबरू नका. खामवर 2021 पासून महापालिका, छावणी परिषद आणि नागरिक मिळून काम करताहेत. काठानं चालून या, उमेद येते. कायदा सहा महिन्यांत अंगवळणी पडतो, तुमचाही पडेल. मोजणीचा अर्ज मात्र आजच टाका. तिथं नंबर लागायला वेळ जातो, तोवर पावसात नाले पायी फिरून घ्या.