दोरीउड्या मारून पोरांचा रिॲक्शन टाइम सुधारायचा कसा

कराटे नाहीतर तायक्वांदोच्या क्लासवरून पोरगं घरी येतं आणि सांगतं आज पाचशे दोरीउड्या मारल्या, छानच आहे, दम वाढतो, पोटऱ्या मजबूत होतात, चवड्यावर हलकं राहायची सवय लागते, पण रिॲक्शन टाइम, म्हणजे इशारा मिळाल्यापासून अंग हलेपर्यंत जाणारा वेळ, तेवढ्याने फारसा हलत नाही कारण दोरी पायाखाली कधी येणार ते त्याला आधीच माहीत असतं. समोरचा किक कधी मारणार ते कुठे माहीत असतं? म्हणून दोरी चालू असतानाच मधे अचानक इशारा द्यायचा.

दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभं राहिलं की दोन्ही मुठी काखेपर्यंत याव्यात, जास्त लांब असेल तर गाठ मारा, महागड्या दोरीची काही गरज नाही. उडी दोन-तीन सेंटिमीटर पुरे, हात मनगटातून फिरवायचा, खांद्यातून नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर करत असाल तर बूट घालूनच, आणि पावसाळ्यात पोडियमच्या ओल्या टाइल्सवर अजिबात नको. ठाण्यात राहत असाल तर तलावपाळीला संध्याकाळी नेऊ नका, त्या गर्दीत दोरी फिरवणार कुठे, त्यापेक्षा सकाळी उपवन तलाव बरा.

आता मेन गोष्ट. पोरगं आरामात दोरी मारतंय, तुम्ही समोर उभे, टाळी वाजली की दोरी टाकून तुम्ही धरलेल्या पॅडवर एक फ्रंट किक (समोर सरळ मारलेली) आणि लगेच गार्डमध्ये, म्हणजे हात वर घेऊन बचावाच्या पवित्र्यात. हे जमलं की टाळी बंद करा, कारण कानावर पडलेल्याला माणूस डोळ्यांनी दिसलेल्यापेक्षा लवकर रिॲक्ट होतो आणि बाउटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष लढतीत, समोरचा काय टाळी वाजवून किक मारत नाही, तिथे त्याचा खांदा आणि कंबर बघावी लागते. मग हातात तीन रंगांच्या टोप्या घ्या, लाल दाखवली की उजव्या पायाने किक, हिरवी दाखवली की डाव्या, पिवळी दाखवली तर काहीच नाही, दोरी चालूच. पिवळीला फसणारी पोरं म्हणजे फेंटला, म्हणजे समोरच्याच्या खोट्या हुलीला, फसणारी पोरं, हे तुम्हाला पटकन कळेल. इशारा कधी दोन सेकंदांनी तर कधी सहा सेकंदांनी, ठेका धरलात तर पोरं तुमचा ठेकाच पाठ करतात, फार हुशार असतात ती!

२० सेकंद काम, ४० सेकंद आराम, असे सहा राउंड, आठवड्यातून तीन दिवस. वॉर्मअप झाल्याझाल्या घ्या, क्लासच्या शेवटी दमलेल्या पोराकडून फक्त दमलेली किक मिळते.

मोजायचं असेल तर ३० सेंमीची पट्टी शून्याचं टोक खाली ठेवून पोराच्या बोटांच्या मधे उभी धरा आणि न सांगता सोडा, २० सेंमीवर पकडली म्हणजे साधारण ०.२० सेकंद, १५ वर पकडली तर ०.१७ च्या आसपास. पाच वेळा करून मधला आकडा घ्या. हे हाताचं माप आहे, किकचं नाही, आणि वय वाढतं तसा आकडा आपोआपही सुधरतो, त्यामुळे सगळं श्रेय दोरीला देऊ नका.

एक मात्र बघा, साधारण ८ ते १४ वयात हाडं वाढत असतात, टाच किंवा गुडघ्याच्या खालचा उंचवटा दुखतोय असं पोरगं म्हणालं तर नाटक समजू नका, दोरी थांबवा, दुखणं चालूच राहिलं तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा, तोपर्यंत टोप्यांचा खेळ जागेवर उभं राहून, फक्त हाताच्या पंचने चालवता येतो.