विकुन्याचा अभ्यास करायचाय? सुरुवात सुप्याच्या माळावर करा

पुण्यात राहून दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या प्राण्याचा अभ्यास कसा करायचा, असं एमएस्सीला आलेली मुलं मला विचारतात. मीही इथूनच सुरुवात केली, म्हणून सांगते.

विकुन्या हा लामा-अल्पाकाच्या कुळातला रानटी प्राणी. त्याच्या लोकरीचा तंतू साधारण १२-१३ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे फारच बारीक, आणि एका कातरणीत जेमतेम पाव किलो लोकर. शिकारीमुळे १९६०च्या दशकात त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास आली होती. पेरू देशात १९६७ साली पाम्पा गालेरासचं अभयारण्य झालं, १९७५मध्ये साइट्सने, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराने, व्यापारावर बंदी आणली. संख्या सावरली तिथे पुढे जिवंत प्राण्याची लोकर विकायला मुभा मिळाली. आज साडेतीन लाखांहून जास्त विकुन्या आहेत.

ही लोकर मिळते 'चाकू' या इंकाकाळापासूनच्या पद्धतीने. गावकरी दोर धरून रांगेने चालत कळप कुंपणात आणतात, लोकर कातरतात आणि प्राणी सोडून देतात. इथे घाई नडते. जास्त पळवलं किंवा फार वेळ डांबून ठेवलं, तर ताणाने स्नायू निकामी होऊन प्राणी दगावू शकतो. म्हणून पकडण्याचं शरीरशास्त्र नीट शिका, ते ऐच्छिक समजू नका. शाहतूश या लोकरीसाठी मात्र चिरूला, म्हणजे तिबेटी हरणाला, मारलंच जातं. त्या लोकरीचा टिकाऊ व्यापार नाही, आणि आपल्या कायद्याने चिरूला पूर्ण संरक्षण आहे. या दोघांची तुलना प्रत्येकाने एकदा तरी मांडावी.

माझं मन सर्वात जास्त गुंतलं ते पैशाच्या प्रश्नात. तयार कोटाच्या किमतीतला फारच थोडा वाटा कातरणाऱ्या गावाला मिळतो. गावाला काहीच सुटलं नाही, तर विकुन्या राखायचा कोणी? हे पुस्तकातून उमगत नाही. फलटण-बारामतीकडच्या धनगरांशी बोला. दख्खनी मेंढीच्या लोकरीला भाव नाही, कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही, हे ते हिशेबानिशी सांगतील. त्यांचा वेळ घेताय, तेव्हा त्यांच्या सवडीने जा.

प्राणी मोजायचा सराव सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात होतो. वनखात्याची परवानगी काढा, पहाटे जा आणि ठरलेल्या रेषेवर चालत चिंकारा मोजा, प्रत्येक कळपाचं अंतर टिपा. गणिताची भीती असेल तर संख्याशास्त्र पहिल्याच सत्रात घ्या. संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकता आली तर उत्तमच, कारण अँडीजमधले बरेच अहवाल त्याच भाषेत असतात.