जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक आणि सस्पेन्शन बदलताय? या चुका टाळा

अनमोड घाट उतरून मोलेकडे येत होतो. गाडी माझी १९६७ ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. अर्ध्या उतारावर ब्रेकचं पेडल मऊ पडलं आणि पाय थेट तळाला गेला. भराभर पंप मारत, दुसऱ्या गिअरवर गाडी कशीबशी आवरली. घरी येऊन पहिलं काय केलं, तर मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनच्या कॅलिपरची (डिस्कला चिमट्यासारखा आवळणारा भाग) किंमत शोधली. पहिली चूक इथेच होते.

फोंड्याच्या मेस्त्रींनी आधी ब्रेक ऑइलची टाकी उघडली. आत कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल. ‘‘पार्ट नंतर मागवा दादा, आधी हे बघूया,’’ म्हणाले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. उतारावर ऑइल उकळलं की वाफ धरते, वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र जुन्या ऑइलवर कधीही ओतू नका, ती दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

मग त्यांनी पुढचा रबरी होज, म्हणजे चाकाकडे ऑइल नेणारी नळी, उभा चिरून दाखवला. बाहेरून धडधाकट, आत रबर सुजून भोक जेमतेम सुईएवढं. ब्रेक सोडल्यावरही एखादं चाक तापत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी होजवर संशय घ्या. मागचे ड्रम ब्रेक या गाडीत हाताने सेट करावे लागतात. ते ढिले राहिले तरी पेडल खाली जातं.

कॅलिपरचे पिस्टन मोठे केले तर त्यांना ऑइलही जास्त लागतं. पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल आणखी खोल जातं. सर्वोने (ब्रेकला जोर देणारं यंत्र) पायाचा जोर वाचतो, टायरची पकड वाढत नाही. म्हणून टायर कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

सस्पेन्शनमध्ये सगळ्यांना घाई असते ती गाडी खाली बसवायची. आपल्या गावांतले गतिरोधक आठवा. छोट्या स्प्रिंगमुळे चाकाला वर सरकायला जागाच उरत नाही. प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळतं आणि ओल्या वळणावर नेमकी तेव्हाच पकड सुटते. एमजीबीचे लिव्हर शॉक (दांड्याने चालणारे जुन्या पद्धतीचे शॉक अॅब्सॉर्बर) फेकून देण्याआधी त्यांचं ऑइल तपासा. गळत असतील तर दुरुस्त होतात. नवे शॉक बसवण्यासाठी चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) वेल्डिंग तर नकोच: २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर चॅसिस, बॉडी आणि इंजिनात बदल चालत नाही.

सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश बदलताना एक गोष्ट चांगले कारागीरही विसरतात. गाडी जॅकवर असताना बोल्ट पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात.

मी ऑइल आणि सगळे होज बदलले, ड्रम सेट केले, नवे पॅड टाकले. डिस्क जुन्याच. पुढच्या महिन्यात तोच घाट पुन्हा उतरलो, पेडल वरच्या वर राहिलं.